याडीचा पाय आणि सरांची नीती

सरांच्या भावानं माझ्या बाच्या छातीत लाथ घातली, तेव्हा सर बाजेवर बसून चहा पिऊन राहिले होते.

कुरुंद्याला त्यांचं शेत. सत्त्याण्णव साल असंल. हळद शिजवायचं काम चालू. आमी तांड्यावरची तिघं कामाला. मी, बा आणि याडी. आमच्यात आईला याडी म्हणतात. भट्ट्यांवर दोन कढया होत्या. एक कलंडली. उकळतं पाणी याडीच्या पायावर. चपलेसंगं कातडी निघून आली. बानं तिला उचललं, पाटाच्या पाण्यात नेऊन बसवलं. तेवढ्यात दुसऱ्या कढईतली हळद जास्त शिजली. बाद झाली.

सरांचा भाऊ धावत आला. "काहून सोडली रे कढई?" आणि लाथ. मग काठी. बाच्या तोंडातून रक्त आलं. मी मधी पडले, तर काठी माझ्या पाठीत.

मला वाटलं, सर थांबवतील. तालुक्याच्या कॉलेजात ते मला नीतिशास्त्र शिकवायचे. सर उठलेसुद्धा न्हाईत. बाला एवढंच म्हणाले, "एका बाईच्या पायासाठी तू सगळ्यांच्या पोटावर पाय दिलास."

त्याच आठवड्यात वर्गात सर शिकवून राहिले होते. "जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे एक मत. दुसरं मत म्हणतं, सुखाचा हिशोब बाजूला ठेवा, कर्तव्य बघा. प्रत्येक माणूस साध्य आहे. त्याला नुसतं साधन म्हणून वापरणं ही अनीती. मला स्वतःला हे दुसरं पटतं."

पाठीवरच्या वळांनी मला टेकता येत नव्हतं. मी उठले.

"सर, माझी याडी काय आहे? साध्य का साधन?"

"खाली बस."

"उत्तर द्या, सर."

सर आले. वेणी धरून मला बाकातून ओढलं. कानफटात मारली. "तांड्यावरच्या चोरट्या जातीला नीती शिकवायला बसलो मी!"

चोरट्या. रक्त आटेपर्यंत राबणारी माझी माणसं चोर. दुसऱ्यांदा उगारलेलं त्यांचं मनगट मी धरलं. दुसऱ्या हातानं सगळी ताकद लावून त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. नाकातून रक्त आलं. लाल. बाच्यासारखंच.

मला कॉलेजातून काढून टाकलं. तांड्याचे नायक घरी आले. म्हणाले, माफी माग. बा पण म्हणाला, "माग, लेकी. शिवारात काम मिळणार न्हाई." याडी पायावरच्या माश्या हाकत बसली होती.

"न्हाई मागणार," मी म्हणाले.

काम खरंच बंद झालं. आमी कोसावरच्या शेतांत जाऊ लागलो. याडी लंगडीच राहिली. मी बाहेरून परीक्षा दिली. नीतीची सगळी मतं वाचली. कुणी सुख मोजतं, कुणी कर्तव्य सांगतं, कुणी चांगल्या स्वभावाचं गातं. मार खाणाऱ्यानं किती वाट बघायची, हे मला कुठं सापडलं न्हाई.

ते मी ठरवलं. एक क्षणसुद्धा न्हाई. माझ्या माणसावर हात उचलशील, तर तो हात मोडीन. नीतीचं मग बोलू.