सिजोची तिसरी ओळ आणि माझी मोटारसायकल

मंडळी, सिजो ही कोरियन कविता तीन ओळींची. पहिलीत दिसलेलं लिहायचं, दुसरीत ते पुढं न्यायचं, तिसरीत कलाटणी. माझी पद्धत अशी: रानात भटकायचं, काही आवडलं की तिथंच थांबून बोटांवर अक्षरं मोजायची.

आज हिर्डोशीजवळ मोटारसायकल लावून नाचणीच्या शेतापाशी थांबलो. दोन ओळी जमल्या. तिसरी मोजायला हात वर धरला, तर शेजारी एसटीच येऊन थांबली.

कंडक्टरबाई म्हणाल्या, "चढा लवकर. आता संध्याकाळपर्यंत दुसरी न्हाई."

मग हात कशाला केला, याचं माझ्याकडं एकच उत्तर होतं: कविता करतोय. ते भरल्या एसटीसमोर सांगायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात खिडकीतल्या आजी सरकून म्हणाल्या, "या, बसा हितं." बसलो. भोरचं तिकीटही काढलं.

आता भोरच्या स्टँडवर सिजो पुरी झाली. प्रत्येक ओळ पंधरा अक्षरांची, मोजून घ्या:

नाचणीवर उतरला पाखरांचा थवा
नजर माझी त्यांच्यामागे डोंगर चढली
मी भोरला, मोटारसायकल हिर्डोशीला

कलाटणी जमली का, सांगा. आणि उद्या सकाळी हिर्डोशीकडं कोणी जातंय का, ते आधी सांगा.