आईने ठरवलेले दोन शब्द

खरखरीतूनही संदेश नीट पोचावा म्हणून कोड रचण्यात माझी सारी नोकरी गेली. आता थकले आहे. काल मुलाचा आवाज फोनवर तुटक येऊ लागला आणि लहानपणी तुकोगंजमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या घरचा काळा, जड फोन आठवला.

मध्यप्रदेश तेव्हा नवाच होता. बाबा धाकट्या माधवला ऑपरेशनसाठी जबलपूरला घेऊन गेले होते. झोपेविना डोळे सुजलेली आई ट्रंककॉलवर बाबांना ओरडून विचारत होती, "शुद्धीवर आला का?"

"माधव शुद्धीवर आला..." पुढे नुसती खरखर. आला, की आला नाही?

"भाभीजी, लाइन खराब है, कल लगाइए," डॉक्टरसाहेब म्हणाले.

आई ऐकेना. तिने आमच्या शहरातल्या दोन ठिकाणांची नावं घेतली. "अहो, आला असेल तर 'बडा गणपती' म्हणा. नसेल तर 'राजवाडा'. म्हणत राहा!"

खरखरीतून एवढंच आलं, "...पती... णपती..."

आई मटकन खाली बसली. हसलीसुद्धा नाही, इतकी दमली होती.

एकमेकांशी न जुळणारे शब्द निवडले, तर अर्धेमुर्धे पोचूनही ओळखता येतात, हे मी पुढे शिकले आणि तिच्या हुशारीचं कौतुक वर्षानुवर्षं सांगत आले. आता वाटतं, वाईट बातमीसाठीही शब्द ठरवून देताना तिला काय झालं असेल!