मिलिमीटरची गोगलगाय

संस्थेत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे "मिलिमीटर आला का?" असंच विचारायचे, आणि तोही मुकाट्याने ओ द्यायचा. काम होतं गोगलगायी मोजायचं. हसू नका. तिळाएवढ्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या गोगलगायी असतात, ओल्या दगडांच्या खाली चिकटून. त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, वरच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि संगणकावर शंखाची लांबी मोजायची. त्याची बायको मात्र हसायचीच. "लोकांचे नवरे जमिनी मोजतात, आमचे हे गोगलगायी मोजतात! बरंय बाई, पळून तरी जात नाहीत."

बावीस वर्षं तो हेच करत होता, आणि बाईंच्या हाताखाली करत होता. बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. लग्न केलं नाही, माणसांत फारशा रमल्या नाहीत, सगळा जीव त्या शंखांत. बाईंचा एक शिरस्ता होता. संगणकाला मिलिमीटर कळत नाही, त्याला फोटोतले नुसते ठिपके दिसतात. म्हणून काचेची एक पट्टी असते, तिच्यावर बरोबर एक मिलिमीटरची रेघ कोरलेली. रोज सकाळी आधी तिचा फोटो काढायचा, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माउस ओढायचा आणि संगणकाला सांगायचं, बाबा रे, हे चारशे ठिपके म्हणजे एक मिलिमीटर. खाली एक चौकोन होता, 'सगळ्या चित्रांना हेच माप'. त्यात खूण केली की दिवसभर बघायला नको.

बाई आत आल्या की पिशवी खुंटीला अडकवता अडकवता विचारायच्या, "पट्टी लावली का?"

"लावली, बाई."

मग पिशवी खुंटीवर. मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी डोळे चोळत तो कामावर आला, तेव्हाही पहिला प्रश्न हाच. एकदा तो वैतागून म्हणाला होता, "अहो बाई, रोज चारशेच येतात. कशाला उगाच?" बाई म्हणाल्या, "रोज चारशेच येतात, हे रोज बघायचं." झालं. दुसऱ्या दिवशी परत पट्टी, कप्पाळ!

बाईंचे तीसेक शोधनिबंध छापून आले. प्रत्येकाच्या शेवटी बारीक अक्षरात 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार' असायचे. ते कर्मचारी म्हणजे हाच. तो घरी नेऊन बायकोला दाखवायचा. ती चष्मा लावून वाचायची आणि विचारायची, "यात तुमचं नाव कुठंय?" तो म्हणायचा, "असतं गं, आत असतं." तिला ते पटायचं नाही, पण ती कागद फडताळात जपून ठेवायची.

मग बाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं, ते डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि परत शिवून टाकलं. त्याआधीच्या महिन्यातच बाई डोंगरातल्या एका झऱ्यावरून शेवटच्या गोगलगायी घेऊन आल्या होत्या, चारशे बारा. त्यांना शंका होती की ही जात निराळी आहे. "एवढं माझ्यासमोर होऊ दे," त्या त्याला म्हणाल्या होत्या, "मग मी मोकळी."

त्याने जिवाचं रान केलं. सकाळी दवाखान्यात बाईंजवळ बसायचा, दुपारी धावतपळत येऊन मोजायचा. आठ दिवसांत चारशे बारा शंख मोजून आकडे बाईंच्या खाटेवर नेऊन ठेवले. एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. नेहमीची गोगलगाय दोनची, ही तिच्यापेक्षा चांगली लहान. शंखावरच्या धारा, म्हणजे बारीक उंच रेघा, त्यासुद्धा दर मिलिमीटरला जास्त दाट. बाईंनी चष्मा चढवला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "गंमत आहे हो. मला डोळ्यांना एवढा फरक दिसला नव्हता. पण आकडे तुमचे आहेत." आणि उशांना टेकून त्यांनी निबंध लिहायला घेतला.

पुढे अडीच महिने, बाईंच्या जागी कोणी येईपर्यंत, प्रयोगशाळा बंदच होती. निबंध छापून आल्याची बातमी आली, आणि त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी दुसरं काहीतरी मोजायला दिलं. त्याने सकाळी धूळ झटकली, काचेची पट्टी ठेवली, माउस ओढला.

तीनशे वीस.

त्याने पट्टी पुसली. परत ओढला. तीनशे वीस. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच आलं. मग त्याची नजर वर गेली. कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक जोडणारी नळी होती, तिच्यावर दुरुस्तीवाल्याची नवीकोरी चिठ्ठी. बाई दवाखान्यात गेल्या त्याच्या आदल्याच दिवशी कॅमेरा दुरुस्तीहून परत आला होता, आणि दुरुस्तीवाल्याने नळी बदलली होती. नव्या नळीतून सगळंच थोडं लहान दिसत होतं. आणि त्या आठ दिवसांत त्याने पट्टी लावली नव्हती. धावपळीत राहिली म्हणा, किंवा विचारणारंच कोणी नव्हतं म्हणा. 'सगळ्या चित्रांना हेच माप' या चौकोनातली खूण मात्र तशीच होती, आणि ते माप होतं चारशेचं.

हिशोब करायला कागदसुद्धा लागला नाही: सहाशेचाळीस ठिपके चारशेने भागले तर एक पूर्णांक सहा, तीनशे वीसने भागले तर दोन. झऱ्यावरची गोगलगाय दोनचीच होती. चारचौघींसारखी. बाईंचे डोळे बरोबर होते आणि याचे आकडे चुकीचे.

तो तडक दवाखान्यात गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. जिन्यात वाक्य दहादा घोकलं, "बाई, माझ्या हातून चूक झाली." खोलीत बाई खाटेवर होत्या, नुसता हाडांचा सापळा उरलेला. त्याला बघून त्या हसल्या. इतक्या हसल्या की नर्स वळून बघायला लागली.

"या! तुमचीच वाट बघत होते. बसा आधी. हे बघा." उशीखालून त्यांनी छापील पानं काढली आणि बोट ठेवलं. वर ठळक अक्षरात नव्या गोगलगायीचं शास्त्रीय नाव होतं. त्याने वाचलं. परत वाचलं. पुढे लॅटिन शेपूट होतं खरं, पण ते त्याचंच नाव होतं. आईबापांनी ठेवलेलं.

"बावीस वर्षं तळटिपेत ठेवलं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. आता काही झालं तरी हे पुसलं जायचं नाही."

बाईंनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी, जुन्या सवयीने, थोड्या थट्टेनेच विचारलं, "पट्टी लावली होती ना?"

"लावली होती, बाई," तो म्हणाला.

नवव्या दिवशी बाई गेल्या. त्यांच्या बहिणीने सांगितलं, अगदी शांतपणे गेल्या.

घरी बायकोला आनंद मावेना. नवऱ्याच्या नावाचा प्राणी! तिने ते पान चौकट करून घड्याळाखाली लावलं, मुलीच्या सासरी फोन केला, शेजारणीला बोलावून दाखवलं. "आमच्या यांच्या नावाची गोगलगाय आहे बरं का. खोटं वाटत असेल तर वाचून बघा!" तो खाली मान घालून जेवायचा. तिला वाटलं, बाई गेल्याचं दुःख आहे. तेही होतंच.

त्याने कोणाला न सांगता चारशे बारा शंख परत मोजायला घेतले. आता रोज पट्टी लावून. मनात कुठेतरी वेडी आशा होती की निदान धारा तरी वेगळ्या निघतील. नाही निघाल्या. शेवटचा शंख डबीत ठेवला आणि तो आकडे घेऊन साहेबांकडे गेला.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "मिलिमीटर, बाई गेल्या. त्या झऱ्यावर कोण जाणार आहे मोजायला? राहू द्या ना. त्यांचं शेवटचं काम आहे. आणि नाव तुमचं आहे, वेडे आहात का?"

"साहेब, कोणीतरी जाईलच की कधीतरी," तो म्हणाला. "तेव्हा तो बाईंना हसेल. मला हसला तर चालेल."

पत्र त्याने स्वतः टाइप केलं. माप माझ्या हातून चुकलं, बाईंचा दोष नाही, असं आधी लिहिलं. मग पुढचं वाक्य. या नावाची जात अस्तित्वात नाही. त्यात स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावताना त्याला दोनदा उठून पाणी प्यावं लागलं.

महिन्याभराने खुलासा छापून आला. त्या संध्याकाळी त्याने बायकोला खरं काय ते सांगितलं. ती स्टूल घेऊन चढली, चौकट उतरवली, आणि पदराने काच पुसत म्हणाली, "मी जगभर सांगत सुटले हो." आणि ढसाढसा रडली. त्याने चौकट तिच्या हातातून घेऊन फडताळात, त्या जुन्या कागदांच्या वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला. खोलीत कोणी नव्हतं. बाईंची खुंटी रिकामी होती. त्याने काचेची पट्टी पुसली, ठेवली, फोटो काढला, माउस ओढला. तीनशे वीस. चौकोनात खूण केली आणि हात मांडीवर ठेवून तो दाराकडे बघत बसला, रोज या वेळेला बसायचा तसा.

"नव्हती लावली, बाई," तो मोठ्याने म्हणाला.

मग डबी उघडून त्याने पहिला शंख काढला.