आत्याला वाचून दाखवलेला शेवट

पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान वाचायची. अजूनही वाचते. मधली दोनशे पानं जीव टांगणीला लावून कोण बसणार? एका जागी बसणं हेच मुळात मला जमत नसे. उंबऱ्यावर, ओट्यावर, पेरूच्या झाडाखाली, पुन्हा आत, असं फिरत फिरत मी वाचायची. अप्पा म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहेच, डोळ्यांनाही आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. मुरबाडहून त्यांची शहापूरला बदली झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि जर्मनीशी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. शहापूरचं वाचनालय म्हणजे एक खोली, तीन कपाटं आणि एक चिडखोर ग्रंथपाल. अप्पांच्या नावावर दोन पुस्तकं मिळत. एक ऐतिहासिक कादंबरी असलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यानं मन मोठं होतं, देशाचा अभिमान वाढतो, वगैरे. दुसरं माझ्या मर्जीचं. ते मी नेहमी डिटेक्टिव्ह आणायची.

डिटेक्टिव्ह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्तानं भरलेला सुरा येतो. माझ्या आवडीच्या मालिकेत तसलं काही नव्हतं. एका लहानशा गावातले पेन्शनीत निघालेले पोस्टमास्तर, त्यांची बडबडी बायको आणि गावातल्या चोऱ्यामाऱ्या. कुणाची नथ गेली, कुणाचं मृत्युपत्र नाहीसं झालं. पोस्टमास्तर चार माणसांना चार प्रश्न विचारत, बायको पाचवा विचारी, आणि चोर सापडे. मग सगळे मिळून पोहे खात. शेवटचं पान आधी वाचलं तरी मजा जायची नाही, इतकं ते गोड होतं.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं मात्र शेवटचं पान वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नायिका देखणी, शूर, घोड्यावर बसणारी, पत्र पोचवणारी, तलवार परजणारी. आणि शेवटी काय? चितेत, नाहीतर विहिरीत, नाहीतर बुरुजावरून खाली. एवढं शिकवून सवरून मारायचीच होती, तर घोड्यावर बसवलीत कशाला? मी अप्पांना विचारलंसुद्धा एकदा. ते म्हणाले, त्याला त्याग म्हणतात. मला काही ते पटलं नाही.

आमच्याकडे आत्या राहायची, अप्पांची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी मुरबाडच्या सासरी तिचा नवरा तापानं गेला आणि ती आमच्याकडे आली. तिचं केशवपन अप्पांनी होऊ दिलं नाही, त्यावरून सासरचे वर्षभर बोलत नव्हते. आता ती चोविशीत होती. तिला अक्षरओळख नव्हती. दुपारी मागच्या पडवीत बसून ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची, बांबूच्या बारीक काड्या टोचून, गोल, घट्ट. गावात लग्नकार्य असलं की पत्रावळी आमच्याकडूनच जायच्या. तिचे हात चालत आणि मी वाचून दाखवी. पानं आणून द्यायची एक ठाकरीण, उंबरमाळीकडच्या आदिवासी वाडीतली. भारा टाकून ती तिथंच टेकायची, तंबाखू मळत ऐकायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुरबाडहून आत्याच्या दिराचा निरोप आला. म्हातारीला, म्हणजे आत्याच्या सासूला, अर्धांगाचा झटका आला होता. करायला माणूस नव्हतं. माघ महिन्यात न्यायला येतो, असा निरोप होता. एकदा गेली की ती परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीनंतर दिराची मुलं, मुलांनंतर त्यांची मुलं. अप्पांच्या मनात दुसरंच होतं. पुण्याला विधवांना शिकवणारी एक संस्था होती, तिचा फॉर्म त्यांनी दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवला होता. पण ते म्हणायचे, मी ढकलणार नाही, तिचं तिनं ठरवावं. आणि आत्या काही ठरवत नव्हती. विचारलं की म्हणायची, माझं काय, कुठंही दोन घास मिळतील. तिचं ते बोलणं ऐकलं की मला वाटायचं तिला खांद्याला धरून गदागदा हलवावं.

नेमकी तेव्हाच मी एक कादंबरी आणली. किल्ल्याला वेढा पडलेला. किल्लेदाराची सून ऐन तारुण्यात विधवा झालेली. घरच्यांनी कोपऱ्यात बसवलेली ती बाई बाहेर येते, जखमींना पाणी देते, रात्रपहाऱ्याच्या खुणा शिकते, चोरवाटेनं जाऊन मदत आणते. एक तरुण सरदार तिच्यावर जीव टाकतो, तीही टाकते, पण बोलत कुणीच नाही. त्या बाईनं आत्याच्या मनाची अशी काही पकड घेतली की विचारू नका. पत्रावळी लावता लावता मान वर करून समोरच्या माहुली किल्ल्याच्या सुळक्यांकडे बघायची आणि म्हणायची, चोरवाट तिकडून असेल का गं? दोन दिवसांत ती ‘आपली ती’ म्हणायला लागली. आपली ती आज काय करते?

मला तर शेवटचं पान पहिल्याच दिवशी माहीत होतं. वेढा उठतो, विजय होतो, नगारे वाजतात, आणि कुणी आपल्या शीलावर बोट ठेवू नये म्हणून आपली ती नवऱ्याचा मंदिल उराशी धरून चिता रचायला सांगते. दोन पानं नुसतं तिच्या तेजाचं वर्णन.

जसजशी पानं संपत आली तसतशी माझी घालमेल वाढली. मी डोकं दुखतंय म्हटलं. चष्मा लागलाय बहुतेक, म्हटलं. एक दिवस तर शाळेतूनच उशिरा आले. आत्या पडवीत पानं भिजवून वाट बघत बसलेली. सुटका नव्हती. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी येऊन मी थांबले आणि म्हटलं, आता पुढं ती मरेलशी दिसते.

आत्याचा हात थांबला. ठाकरीण मात्र तंबाखूची चिमूट तशीच धरून माझ्याकडे बघायला लागली. “मरंल कशाला गो? दादला मेला तं पाट लावील, नायतं जाईल कुठं कामाला. चोरवाट तिला ठावं हाय ना?”

त्यांच्यात तसंच होतं. नवरा गेलेली बाई दुसरं घर करायची, त्यात कुणाला काही वाटत नसे. तिनं ते इतक्या साधेपणानं विचारलं की मला माझीच लाज वाटली. मग मी पुस्तक तोंडासमोर धरलं, डोळे छापील ओळींवर ठेवले आणि जीभ मोकळी सोडली. नगारे वाजले ते खरे वाजले. त्यानंतरचं सगळं माझं. पोस्टमास्तरांच्या एका गोष्टीत एक बाई भाजीवालीचं सोंग घेऊन वाड्यातून निसटते, ते मी सरळ उचललं. आपली ती धान्य विकणारणीच्या वेषात दिंडी दरवाजानं बाहेर पडली. सरदाराला निरोप ठेवला की मी कुणाची होण्याआधी मला काहीतरी व्हायचं आहे. हे वाक्य मला कुठून सुचलं कोण जाणे. दूरच्या गावी एका म्हाताऱ्या वैद्याकडे जखमा बांधायला शिकायला ती निघाली. आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. संपलं, म्हणून मी पुस्तक मिटलं. माझे कान नुसते गरम झाले होते.

ठाकरीण उठली आणि बरा झाला, म्हणून भाऱ्याची दोरी गुंडाळून चालती झाली. आत्यानं विचारलं, असंच लिहिलंय? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अप्पांना सांगितलं, तो पुण्याचा फॉर्म भरा.

अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. बघा, म्हणाले, उत्तम वाङ्मय माणसाला कसं उभं करतं. मला जेवण जाईना. आत्या मागं लागली की शेवटचं प्रकरण पुन्हा वाच. मी कसलं वाचते? आदल्या दिवशीचं एक वाक्य मला धड आठवत नव्हतं. कुणीतरी मागितलंय, असं सांगून मी धावत जाऊन पुस्तक वाचनालयात देऊन आले. ग्रंथपालांनी ते पुन्हा कपाटात लावलेलं दिसेपर्यंत तिथून हलले नाही. त्यानंतर चार वेळा तरी तिला खरं सांगायला म्हणून पडवीत गेले आणि चार वेळा पाणी पिऊन परत आले. सांगावं, तर ती मुरबाडला जाईल. न सांगावं, तर ती माझ्या थापेवर पुण्याला जाईल. माझं वय तेरा आणि पुढ्यात हा पेच.

माघात दीर बैलगाडी घेऊन आले. अप्पांनी त्यांना ओट्यावर बसवून पुण्याचं सांगितलं. दीर वाईट माणूस नव्हते. एवढंच म्हणाले की आई रोज विचारते, ती आली का. पुढं ठेवलेल्या चहाला न शिवता उठले. गाडी वळेपर्यंत आत्या दाराआड उभी होती, आणि नंतर दिवसभर तिनं एकही पत्रावळ लावली नाही.

पुण्याला जायचं म्हणजे आसनगावला गाडी धरायची आणि कल्याणला बदलायची. अप्पा पोचवायला जाणार होते. मी स्टेशनपर्यंत टांग्यातून गेले. अप्पा तिकीट काढायला गेले, आम्ही दोघीच ट्रंकेजवळ उभ्या होतो. आत्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. भीती होती, पण पोरीसारखी उत्सुकताही होती. ती म्हणाली, आपल्या तिलाही असंच धडधडलं असेल नाही? आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी भडाभडा सांगून टाकलं. ती बाहेर पडत नाही. ती मरते. चिता पेटवतात. दिंडी दरवाजा, वैद्य, सगळं मी बनवलं.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती ट्रंकेवर बसली.

“सासू माझी अंथरुणात पडलीय. तिला टाकून निघाले मी,” ती म्हणाली. “तुझ्या मनच्या गोष्टीवर निघाले?”

मी रडायला लागले. ती मला गप्प बस म्हणाली नाही, जवळही घेतलं नाही. “काल सांगितलं असतंस तर मी गेले नसते,” एवढंच बोलली. तेवढ्यात गाडी आली. अप्पा घाईघाईनं आले, हमालानं ट्रंक उचलली, डब्यात टाकली. ट्रंक वर गेली म्हणून आत्या वर गेली, असंच मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माहुलीकडेही पाहिलं नाही.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. संस्थेतून कार्डं यायची, कुणाच्या तरी हातची, अप्पांच्या नावानं. प्रकृती बरी, काळजी नसावी. माझं नाव नसायचं. चैत्रात मुरबाडची म्हातारी गेली. शेवटपर्यंत विचारत होती म्हणे. अप्पांनी पुण्याला कळवलं आणि मी वाट बघत बसले, की आता आत्या परत येईल, नाहीतर काहीतरी करून घेईल. पोस्टमन दिसला की मी आत पळायची. कादंबऱ्या मी हातात धरत नव्हते. पोस्टमास्तरांचीही नाही. अप्पांना वाटलं, पोर सुधारली.

लढाई सुरू झाल्यावर एक पाकीट आलं. वर माझं नाव, अक्षर मोठं, वाकडं, ओळ उताराला लागलेली. आत्याचं स्वतःचं अक्षर. मी ते घेऊन पेरूखाली गेले, मग ओट्यावर, मग परत पेरूखाली, आणि मग फोडलं.

तिनं लिहिलं होतं की तुझ्यावरचा राग गेलेला नाही. म्हातारीचं तोंड मला दिसलं नाही, ते तुझ्यामुळं, आणि मी हे वाचते-लिहिते आहे तेही तुझ्यामुळं. दोन्ही मी विसरणार नाही. इथं आम्ही एका खोलीत सातजणी आहोत. त्यांना मी आपल्या तिची गोष्ट सांगितली, तू सांगितलीस तशीच. त्या रोज विचारतात, वैद्याकडे पोचल्यावर पुढं तिचं काय झालं. तिथं तिला करमलं का. कुणी तिला घरी बोलावलं का. मला सांगता येत नाही. पुढचं लिहून पाठव. बनवलेलं असलं तरी चालेल.

मी दौत-टाक घेऊन बसले. चार दिवस बसले. तिला वैद्याच्या दारापर्यंत आणायची आणि कागद टरकावायची. बाईला किल्ल्याबाहेर काढायची युक्ती मला एका पुस्तकात मिळाली होती. बाहेर पडलेली बाई मग रोज सकाळी उठून काय करते, कुणाशी बोलते, कशाला रडते, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. आमच्या अख्ख्या शहापुरात तशी बाई नव्हती, मुरबाडात नव्हती. होती ती एकटी आत्या.

पाचव्या दिवशी मी कार्डावर दोन ओळी लिहिल्या. पुढचं मला येत नाही. तूच लिहून कळव.