धुक्यातले ठिपके

"थांबा, येऊन राह्यलेत," असं म्हणून सर तळहात हवेत धरायचे. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका उजळायचा, मग शेजारचा. दूर शिवारात काळविटांचा कळप धुक्यातून चालत असायचा आणि घनसावंगीत चहा पीत आम्ही त्याची वाट पाहायचो.

सर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. घराणं मूळचं राजस्थानी, कापडाच्या व्यापारातलं. दुकान का सोडलं, विचारलं तर म्हणत, "गादीवर बसलं की बिलकुल झोप येते हो." मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. सरांसारखा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्याशी बोलताना आपलाच आवाज हळू होतो.

काळविटं कोवळी ज्वारी खात. कुंभार पिंपळगावजवळच्या एका वस्तीनं कुत्रे सोडून कळप कायमचा हुसकायचं ठरवलं होतं. सरांनी एक हंगाम मागून घेतला. बांधांवर खांब रोवून डब्या बसवल्या. समोरून जनावर गेलं की डबी त्याची ऊब ओळखायची. एकीचा बिनतारी निरोप दुसरीला, असं करत तो सरांपर्यंत यायचा. मग सरांचा फोन वस्तीवर. माणसं थाळ्या वाजवत निघायची. कळप माळावर परतायचा.

दसऱ्याच्या पहाटे निरोपच आला नाही. एक शेत साफ झालं.

आम्ही पोचलो. डबीच्या डोळ्यावर हळदकुंकवाचा जाड थर होता. सरांनी तो रुमालानं पुसला. तोवर शेतमालक आला.

"सर, यंत्र झोपलं व्हतं का?"

"चूक माझी. बराबर बसवलं न्हाई मी."

"मंग सोडू कुत्रे?"

ज्यांच्या बांधावर ती डबी होती, त्या काकू पुढं आल्या. "त्यायची चूक न्हाई. खंडेनवमीला नांगर पुजला, कुऱ्हाड पुजली. रोज राखण करती तिलाच सोडू व्हय?"

"काकू, राखणदाराच्या डोळ्यातच कुंकू घातलं तुम्ही!" सर म्हणाले.

कुणीतरी हसलं. शेवटी शेतमालकही हसला. "राहू द्या सर. पुढल्या साली काकू खांबाच्या पाया पडतील."

पुढचं साल सरांना मिळालं नाही. उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. डब्या एकेक करून बंद पडल्या.

थंडीत मी पहाटे वस्तीवर गेलो. कुत्रे बांधलेले होते. राखणीच्या पाळीची माणसं शेताच्या कडेनं उभी होती. काकू कळपाला हळूच म्हणत होत्या, "झालं बरं का आता. चला घरला."

कळप वळला. धुक्यावर नुसती शिंगं तरंगत माळाकडे गेली.