घोरणं थांबलं की

आमच्या घरी नवऱ्याच्या घोरण्याचं कौतुक होतं, हे आधीच सांगून टाकते. तो आर्णी-यवतमाळ रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो आणि हरभऱ्याच्या दिवसांत रात्री शेतात जागलीला जायचा. जागल म्हणजे माळ्यावर, शेतातल्या मचाणावर बसून रानडुकरं हाकलणं. बसून हे आपलं म्हणायला. हा तिथं आडवा व्हायचा आणि घोरायचा. त्याच्या आवाजानं डुकरं धुऱ्यापलीकडे, बांधाबाहेरच थांबतात, अशी गावभर ख्याती. शेजारचे गमतीनं म्हणत, याला आमच्या वावरात निजायला पाठवा. घरी मात्र माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. मधेच आवाज थांबला की सासूबाई पलीकडच्या खोलीतून सांगत, थांबला, आता झोपून घे. मीही घाईघाईनं डोळे मिटायची.

एवढं झोपूनही हा माणूस सकाळी उठायचा तो डोकं धरून, चिडलेला. चहाचा कप हातात घेऊन पेंगायचा. मी म्हणायची तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, तर म्हणे खर्ऱ्यानंच डोळे उघडे राहतात.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरून त्याच्याच जीपमधून परत येत होते, भर दुपारी. पुढे आम्ही दोघं, मागे प्रवासी, त्यांत तान्हं लेकरू पदराखाली घेतलेली एक बाई. रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली बैलबंडी उभी होती आणि जीप हळूहळू तिच्याकडे सरकू लागली. मला वाटलं, थांबवतोय. तेवढ्यात ती ओळखीची खरखर कानावर आली. मी किंचाळले आणि स्टिअरिंग ओढलं. जीप बंडीला चाटून पुढे कच्च्यात उतरली, थांबली. खड्डा चुकवत होतो, असं त्यानं प्रवाशांना सांगितलं, आणि त्यांना ते पटलंही. मी चाबी काढून घेतली ती दिलीच नाही.

फोन केल्यावर चुलत दीर आले, त्यांनी जीप घरी आणली. हेच जागलीचे जोडीदार. ओसरीवर भांडण पेटलं. जो एवढा घोरतो त्याला झोपेची काय कमी, असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाईही त्याच्याच बाजूनं. मी दिरांना साक्षीला धरलं.

"वहिनी, हा घोरते तवा डुकरं येत नाही, हे खरं हाय. पण मधात आवाज बंद पडते, तवाच ते घुसतात. म्हणून आवाज बंद पडला का मी काठी घेऊन उठतो. रातभर तेच करून राह्यलो ना मी." मग त्यांनी खाली पाहिलं. "तवा याची छाती हालते, पण श्वास येत नाही. मंग गचका देऊन सुरू होते."

ज्या शांततेत मी झोपून घेत होते, त्याच शांततेत तो गुदमरत होता. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून तेच सांगितलं. उताणं निजलं की घशातलं मांस सैल पडतं, वाट अरुंद होते, म्हणून आवाज. वाट पुरती मिटली की आवाजही बंद, मग जीव धडपडून जागा होतो, माणसाला पत्ताही नसतो. वजन उतरवा, संध्याकाळची दारू बंद, कुशीवर निजा, आणि रात्री नाकाला हवेचं मशीन लावा. तोवर गाडी चालवायची नाही.

"हत्तीवानी सोंड लावून निजू का मी?" घरी येऊन तो म्हणाला.

"निजा. नाही तं चाबी माह्याजवळच राहीन."

कित्येक दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. रात्री मशीन काढून फेकायचा, मी पुन्हा लावायची. शेवटी एका सकाळी उठून तो नुसताच खाटेवर बसून राहिला आणि म्हणाला, "काहून असं हलकं वाटून राह्यलं?" मी चुलीपाशी जाऊन रडले. डॉक्टरांनी होकार दिला तेव्हाच चाबी दिली.

माळ्यावर वीज नाही, त्यामुळे मशीन नाही, त्यामुळे जागलही सुटली. यंदा दीर एकटेच जातात आणि डुकरांनी हरभऱ्याची पार नासाडी केली आहे. परवा ते येऊन म्हणाले, दोन रात्री तरी याला पाठवा. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. गावानं वाखाणलेलं घोरणं, त्याचाही जीव होता त्यात.

"खाऊ द्या डुकरांना, भाऊजी," मी म्हणाले. "हरभरा पुढच्या साली परत पेरता येते."