पुरातला नारळ

सांगलीत कृष्णेला पूर आला की बायका नदीला नारळ वाहत आणि तो पकडायला आम्ही पोरं उड्या मारत असू. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी पकडलेल्या नारळाचं कौतुक घरात अजून होतं. खरी गोष्ट वेगळी आहे.

प्रवाहाने मला घाटापासून दूर, वळणापलीकडे नेलं. मी गटांगळ्या खाऊ लागलो. तिथे वाळक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसं पैलतीरी नेणारा एक जाड मिशांचा माणूस होता. त्याने माझी मानगूट धरून मला काठाला लावलं.

"पानी बघून उडी मारलीस, का घाटावरची मानसं बघून रं?"

"माणसं बघून," मी कबूल केलं.

तो पोट धरून हसला. "मग रिकाम्या हातानं कसा जाशील गड्या?"

वाहत आलेला नारळ त्यानेच पकडून मला दिला. "मलाबी तुज्या वयात एकानं असंच काढलं हुतं. कुनाला बोलला न्हाई त्यो."

घाटावर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. गर्दीच्या कडेला ओलं धोतर पिळत तोही "शाबास!" म्हणून ओरडला. त्याच्याकडे बोट दाखवायचं सोडून मी नारळ आणखी उंच धरला.

काल नातवंडांना हे सगळं सांगितलं. ती माझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दलच विचारत राहिली. फार बरं वाटलं.